कट पोचतो, तर्री पोचत नाही

मिसळीच्या साखळी दुकानाची शाखा बिघडली आहे हे ओळखायला पहिला घास घ्यावा लागत नाही. कटाची, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्श्याची, वाटी समोर आली की तिच्या कडेला बघावं. चांगल्या कटावर लाल तेलाचा तवंग कडेला जमलेला असतो. चमचा बुडवला की तो बाजूला सरतो आणि पुन्हा मिटतो. त्याखालचा रस्सा पातळ, तपकिरी आणि जिभेला जरासा रवाळ लागतो. बिघडलेल्या वाटीत हे दोन थर दिसतच नाहीत. वरपासून तळापर्यंत एकच नारिंगी, गुळगुळीत, दाटसर द्रव असतो आणि पाच मिनिटं तसाच ठेवला तर त्यावर पापुद्रा धरतो. बाजूच्या बशीत फरसाण कट ओतायच्या आधीच सादळलेलं, कांद्याला पाणी सुटलेलं, मटकीची सालं दाण्यांपासून सुटलेली. पाव वरून गरम, मध्यभागी गार.

अशा ताटाबद्दल वाईट वाटतं ते वेगळ्या कारणानं. मिसळीच्या बहुतेक साखळ्यांची सुरुवात खरोखर चांगल्या दुकानातून झालेली असते. पहिलं दुकान लहान, पदार्थ मोजके, मालक स्वतः कढईपाशी, आणि दुपारी कट संपला की शटर खाली. लोक रांग लावतात, कौतुक होतं, दुसरी शाखा निघते, मग फ्रँचायझीची विचारणा सुरू होते. चार-पाच वर्षांत तीस फलक लागतात. भिंतीवर वारली चित्रं येतात, टेबलावर पितळी तांब्या येतो, मेनूकार्डावर मराठी म्हणी छापल्या जातात. आपलं खाणं आता नीटनेटक्या जागेत, स्वच्छ हात धुवून, घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन बसता येईल अशा ठिकाणी मिळणार, ही आशा रास्त होती आणि अजूनही आहे. म्हणूनच ‘पूर्वीसारखी राहिली नाही’ एवढं म्हणून उठून येणं पुरेसं नाही. नेमकं काय गेलं आणि कुठल्या पायरीवर गेलं, हे शोधायला हवं.

कटापासूनच सुरुवात करावी लागते, कारण बाकी सगळं त्याच्या आधारानं उभं असतं.

दहा प्लेट मिसळीला साधारण तीन लिटर कट लागतो. पहिली वाटी आणि वरून मागितलेला रस्सा, दोन्ही धरून. त्याला चार मोठे कांदे, शंभर ग्रॅम सुकं खोबरं, लसणाच्या वीस-पंचवीस पाकळ्या आणि दोन इंच आलं. कोरड्या मसाल्यात दोन मोठे चमचे धणे, एक चमचा तीळ, थोडी खसखस, जिरं, चार-पाच लवंगा, तेवढीच मिरी, दालचिनीचा तुकडा आणि चिमूटभर दगडफूल. रंगाला दहा-बारा बेडगी मिरच्या, तिखटपणाला पाच-सहा संकेश्वरी किंवा लवंगी. तेल एक मोठी वाटी, म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या आसपास. हे प्रमाण गावागावांत बदलतं. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला पुढे येतो, नाशकात काळा मसाला, पुण्यात तिखट कमी होऊन पोहे आणि बटाट्याची भाजी आत शिरते. कोल्हापूरची फडतरे, पुण्याची बेडेकर आणि ठाण्याची मामलेदार या मिसळींची चव एकमेकींशी जुळत नाही, जुळायचं कारणही नाही. पण मसाला कुठलाही असला तरी कटाची रीत एकच आहे.

कांदा उभा चिरून कडा काळसर होईपर्यंत भाजायचा. खोबरं वेगळं, मंद आचेवर, बदामी रंगावर उतरवायचं. ते एका मिनिटात करपतं, आणि करपलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा पुढे कशानंही निघत नाही. मसाले वेगळे भाजायचे, कारण तीळ तडतडतात तेव्हा धणे अजून कच्चे असतात. सगळ्याचं वाटण करायचं, पण गंधासारखं नाही, बोटाला किंचित रवाळ लागेल इतपत. मग तेल चांगलं तापवून मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता आणि वाटण घालून बारा-पंधरा मिनिटं परतायचं.

वाटणात पाणी आहे तोवर कढईतलं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहतं, आणि तोवर मसाला शिजतो, तळला जात नाही. पाणी उडून गेलं की तेल कडेनं सुटतं, तापमान चढतं आणि मसाल्याचा वास एकदम बदलतो. ‘तेल सुटेपर्यंत परता’ हे आजीचं वाक्य याच क्षणाबद्दल आहे. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा, दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे उतरत नाहीत. त्यामुळे तेल सुटल्यावर आच बारीक करून या मिरच्यांचं लाल तिखट तेलातच मिसळायचं, अर्धा मिनिट हलवायचं आणि लगेच अडीच लिटर कडकडीत पाणी ओतायचं. पाणी गार असेल तर सगळं थंडावतं आणि पुन्हा उकळी यायला इतका वेळ जातो की मसाला तळाशी बसून लागायला लागतो. नंतर अर्धा-पाऊण तास मंद आचेवर ठेवायचं. खळाखळा उकळलं तर तेल रश्श्यात घुसळलं जातं. मंद ठेवलं तर ते सावकाश वर येतं आणि सोबत रंग, तिखट आणि मसाल्याचा वास घेऊन येतं. ती तर्री.

आता हेच तीस शाखांसाठी एका मध्यवर्ती स्वयंपाकघरात करायचं आहे असं समजा. तिथं दोनशे लिटरचं वाफेवर तापणारं भांडं असतं. त्यात एका वेळी चाळीस किलो कांदा पडतो. एक किलो कांद्यात जवळपास नऊशे ग्रॅम पाणी असतं, म्हणजे चाळीस किलोत पस्तीस लिटरच्या पुढे. घरच्या कढईत चार कांदे पसरतात, वाफ निघून जाते आणि दहा मिनिटांत कडा रंगतात. त्या मोठ्या भांड्यात कांद्याचा थर फूटभर उंच असतो. खालच्या कांद्याची वाफ वरच्या कांद्याला शिजवत राहते. तासभर हलवूनही तो भाजला जात नाही, उकडला जातो. साखळीच्या कटात जो एक गोडसर, उकडलेल्या कांद्याचा वास येतो आणि जो नेमका कशाचा हे खाणाऱ्याला सांगता येत नाही, तो इथून येतो. आचारी वाईट आहे म्हणून असं घडत नाही. भांड्याची खोली आणि कांद्यातलं पाणी यांचा तो परिणाम आहे. यावर उपाय आहेत: कांदा लहान घाण्यांत आधी तळून घेणं किंवा भट्टीत पातळ पसरून भाजणं. दोन्हींत वेळ जातो, मनुष्यबळ लागतं, आणि उत्पादन वाढवायचा दबाव आला की पहिली कात्री इथेच लागते.

त्यानंतर वाटण यंत्रातून जातं आणि ते फार बारीक होतं. मसाल्याचे अतिबारीक कण तेलाच्या थेंबांना वेढून बसतात आणि तेल वर यायचं थांबतं. त्यात भर म्हणून, शाखांना कट ज्या पाऊचमधून जातो त्यात पाणी आणि तेल वेगळं दिसू नये यासाठी थोडं कॉर्नफ्लोअर किंवा मैदा पडतो. शाखेत पाऊच कापल्यावर प्रत्येक वाटी सारखी निघायला हवी असेल तर हे सोयीचं आहे. पण मिसळीत तेल आणि पाणी वेगळं होणं हाच तर मुद्दा आहे. वाटीवर धरणारा पापुद्रा त्याच पिठाचा असतो. रंग फिका पडला म्हणून मिरचीचा तेलरूप अर्क घातला जातो. त्यानं रंग झगझगीत होतो, वास मात्र येत नाही, कारण वास मिरची तेलात परतताना तयार होतो.

मग कट झपाट्यानं थंड केला जातो, पाच अंशांखाली साठवला जातो, शीतवाहनानं शाखेत जातो. यात चूक काही नाही. अन्नसुरक्षेच्या दृष्टीनं हेच करायला हवं, कारण शिजलेलं अन्न कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवणं सगळ्यात धोक्याचं. फक्त खोबऱ्याच्या स्निग्धांशाचा एक स्वभाव आहे: चोवीस अंशांच्या आसपास तो गोठतो. थंड पाऊचमध्ये त्याचे पांढरे कण धरतात. शाखेत पाऊच आतपर्यंत नीट तापलं तर ते विरघळतात. सकाळच्या घाईत गरम पाण्यात बुडवून पाच-सात मिनिटांत काढलं तर अर्धवट राहतात. घास गिळल्यावर टाळूला जो मेणचट थर जाणवतो, तो हाच.

यापुढे कटाचं खरं नुकसान शाखेच्या काउंटरवर होतं. गरम पाण्यावर ठेवलेल्या स्टीलच्या चौकोनी भांड्यात तो सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत असतो. साठ अंशांच्या वर ठेवायचा हा नियम बरोबरच आहे. पण उघड्या भांड्यातलं पाणी उडत राहतं. दहा लिटर कटात शंभर ग्रॅम मीठ असेल आणि दुपारपर्यंत दोन लिटर पाणी उडालं, तर तेच मीठ आठ लिटरात उरतं, म्हणजे खारटपणा पंचवीस टक्क्यांनी वाढला. कुणाच्या लक्षात आलं तर नळाचं पाणी ओतलं जातं. मग खारटपणा जातो, पण लसूण, हिंग आणि कढीपत्त्याचा वास तर पहिल्या दोन तासांतच उडून गेलेला असतो. एकाच शाखेत सकाळी नऊला खाणारा आणि दुपारी दीडला खाणारा, दोघंही आपापल्या मिसळीबद्दल खरंच बोलत असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. नाश्त्याला गेलात तर बऱ्यापैकी मिळेल, जेवायला गेलात तर निराशा होईल. पहिल्या दुकानात हा प्रश्न नव्हता, कारण तिथं कट दुपारी संपायचाच.

मटकीकडे साखळ्यांचं लक्ष त्याहून कमी असतं. दहा प्लेटसाठी पाव किलो कोरडी मटकी आठ तास भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात बांधली की उन्हाळ्यात बारा-पंधरा तासांत मोड येतात. थंडीत पूर्ण दिवस लागतो आणि गाठोडं उबेला ठेवावं लागतं. वजन दुपटीहून जास्त भरतं, म्हणजे प्लेटमागे साठ ग्रॅमच्या आसपास. मिसळीला मोड लांब नको, सेंटिमीटरभर पुरे. लांब मोडांची मटकी तंतुमय होते आणि तिचा गोडवा उतरतो. फोडणीत हिंग-हळद, बेताचं पाणी, अर्धवट झाकण, आणि सात-आठ मिनिटांत दाणा बोटानं दबेल पण फुटणार नाही इतपत शिजवायची. कुकर लावायचा नाही.

मोडांचं काम उबेत आणि ओलाव्यात चालतं, आणि जिवाणूंनाही नेमकं तेच आवडतं. म्हणून मध्यवर्ती स्वयंपाकघर मोड आलेली मटकी उकळत्या पाण्यातून काढून गोठवतं. सुरक्षित आहे, पण गोठताना दाण्यातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि आतल्या पेशी फाटतात. वितळून पुन्हा गरम केल्यावर साल सुटतं, दाणा पिठूळ होतो. वाटीत तरंगणारी सालं दिसली की मटकी गोठवलेली होती अशी शंका घ्यावी. आणखी स्वस्तातला मार्ग म्हणजे मटकीच्या जागी निम्मे पांढरे वाटाणे. वाटाण्याची मिसळ ही स्वतंत्र, मान्य पद्धत आहे, पण ती मटकीची म्हणून विकली जाऊ नये.

फरसाणाचं गणित सोपं आहे आणि तरी चुकतं. पाच किलोची पिशवी सकाळी फोडली जाते आणि उघड्या डब्यात, बरोबर त्या वाफाळत्या भांड्याशेजारी ठेवली जाते, कारण वाढणाऱ्याला दोन्ही हाताशी हवं असतं. तासाभरात शेव ओल धरते. पावसाळ्यात त्याहून लवकर. डब्याला झाकण आणि मध्ये हातभर अंतर, एवढ्यानं काम भागतं. वासही घ्यावा. जुन्या तेलात तळलेलं फरसाण खवट लागतं आणि कितीही तिखट कटानं तो खवटपणा झाकत नाही. तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडल्यानं तयार होणारे पदार्थ, पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा आपल्याकडे २०१८ पासून नियम आहे आणि ते मोजायची हातात धरायची उपकरणं मिळतात. शाखेत वडे आणि भजी तळली जात असतील तर हे उपकरण तिथं असायलाच हवं.

पाव हा तर सहज सुटणारा प्रश्न होता. पुण्या-मुंबईत गल्लीच्या टोकाला बेकरी असते आणि तिथली लादी दिवसातून दोनदा निघते. पण सगळ्या शाखांत एकच पाव हवा म्हणून कारखान्यातला, चार-पाच दिवस टिकणारा पाव येतो. त्यात साखर जास्त, मऊपणा टिकवणारी द्रव्यं आणि बुरशी रोखणारं प्रोपिओनेट. त्याची जाळी इतकी बारीक आणि लुसलुशीत असते की कटात बुडवला की तो रस्सा शोषत नाही, त्याचा लगदा होतो. वर तो फ्रिजमध्ये ठेवला जातो. शून्य ते पाच अंशांत पावातला स्टार्च सगळ्यात वेगानं कडक होतो, म्हणजे बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा फ्रिजमधला लवकर शिळा लागतो. मग मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद. टेबलावर येईपर्यंत मऊ, तिसऱ्या घासाला चिवट.

थालीपीठ, साबुदाणा वडा, सोलकढी यांची कथा थोडक्यात अशीच आहे. झुणका-भाकरीबद्दल मात्र थांबायला हवं, कारण साखळ्यांनी तिला मेनूवर घेऊन तिच्यावर सगळ्यात जास्त अन्याय केला आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात मळून, तळहातानं रगडून, ताबडतोब थापून तव्यावर टाकावं लागतं. वर पाणी फिरवून, उलटून, शेवटी निखाऱ्यावर किंवा बर्नरवर फुगवायची आणि पाच मिनिटांच्या आत पानात पोचवायची. दहा मिनिटांत ती वातड होते, अर्ध्या तासात कडक. मऊ, ताजी भाकरी तशीच साठवून ठेवायचं तंत्र नाही. शाखेत भाकरी थापणारी बाई नसेल तर मेनूवर भाकरी नको. त्याऐवजी होतं असं की पिठात कणीक मिसळतात, यंत्रात दाबतात, अर्धी भाजून रचून ठेवतात. ताटात येते ती जाड, न फुगलेली, रबरी पोळी, आणि नाव भाकरीचं.

मेनू फुगत जाणं हे बिघाडाचं आणखी एक ओळखू येणारं लक्षण. पहिल्या दुकानात आठ पदार्थ होते. तीस शाखांपर्यंत ऐंशी होतात: चीज मिसळ, शेजवान मिसळ, तंदूर मिसळ, पिझ्झा, पास्ता, मोमो. प्रत्येक नवा पदार्थ फ्रीजरमधली जागा खातो, बर्नर अडवतो आणि वाढणाऱ्याचं लक्ष विभागतो. चीज मिसळीबद्दल माझं मत कडक आहे. किसलेलं चीज कटावरच्या तेलात वितळून तवंग शोषून घेतं आणि तिखटाची धार बोथट करतं. चाळीस रुपये जास्त देऊन गिऱ्हाईक मिसळीतली मिसळ काढून घेतं.

पैशाचं गणित समजून घेतल्याशिवाय शाखा चालवणाऱ्यांवर बोट रोखणं बरोबर नाही. दीडशे रुपयांची प्लेट धरा, रोज शंभर प्लेट, महिन्याला तीन हजार. गाळ्याचं भाडं साठ हजार असेल तर त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे दहा हजार आठशे. हॉटेलांना ग्राहकाकडून पाच टक्केच कर घ्यायचा असतो, पण १५ नोव्हेंबर २०१७ पासून त्याबदल्यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे भाड्यावरचा कर सरळ खर्चात जातो आणि प्लेटमागे भाड्याचेच साडेतेवीस रुपये पडतात. पाच टक्के रॉयल्टी, म्हणजे नाव वापरल्याबद्दल साखळीला द्यायचा विक्रीतला वाटा, असेल तर साडेसात रुपये आणि त्यावरचा कर मिळून नऊच्या घरात. ऑर्डर ॲपवरून आली असेल तर वीस-पंचवीस टक्के कमिशन, म्हणजे आणखी तीस ते सदतीस रुपये. पाऊच, फरसाण, पाव ठरलेल्या ठिकाणाहूनच घ्यायचे, तेही ठरलेल्या दरानं.

फ्रँचायझी घेणाऱ्याच्या हातात मग काय उरतं? भाडं त्याच्या हातात नाही, रॉयल्टी नाही, कमिशन नाही, मसाल्याचा दर नाही. त्याला वाचवता येतात तीनच गोष्टी: वरचं तेल, फरसाणाची मूठ आणि कामाची माणसं. मिसळीची चव नेमकी याच तीन गोष्टींवर उभी आहे. म्हणून कुणाचीही नियत खराब नसताना शाखा बिघडतात. करार लिहितानाच बिघाडाची सोय झालेली असते.

माणसांबद्दल थोडं अधिक. काउंटरमागच्या मुलाला एक कार्ड दिलेलं असतं: कट १८० मिलि, मटकी ४० ग्रॅम, फरसाण ४५ ग्रॅम, कांदा १५ ग्रॅम, कोथिंबीर चिमूट. मापं असण्यात काहीच वावगं नाही. अडचण ही की त्याच्या हाताशी मीठ नसतं, गूळ नसतो, लिंबू कापलेलं असतं पण रस्सा सुधारायची परवानगी नसते. अनेक ठिकाणी चव बघायचा चमचाही नसतो, कारण चव बघणं हे त्याचं काम म्हणून कुठे लिहिलेलंच नाही. तो मुलगा कुठल्याही गावचा असो, मिसळ लहानपणापासून खाल्लेला असो वा नसो, पंधरा दिवसांत त्याला कट ओळखायला शिकवता येतं. सकाळचा पहिला चमचा, अकराचा दुसरा, एकचा तिसरा. तिसरा खारट लागला तर अर्धा लिटर उकळतं पाणी, सुपारीएवढा गूळ आणि एक ताजी फोडणी. हे शिकवायला कुणी बसत नाही, कारण साखळीचा सगळा डोलारा शाखेत स्वयंपाक होऊच नये या कल्पनेवर रचलेला असतो. जिथं स्वयंपाक होत नाही तिथं चुकीची दुरुस्तीही होत नाही.

यंत्रानं आणि मोठ्या प्रमाणावर बनवलेलं सगळंच बेचव होतं असं अजिबात नाही. चितळ्यांची बाकरवडी यंत्रावर होते आणि वर्षानुवर्षं टिकून आहे. बाकरवडी कोरडी आहे, तिच्यातलं पाणी तळणात निघून गेलेलं असतं, डबा बंद केला की तिच्यात फारसं काही बदलत नाही. मिसळ मात्र ओली, गरम आणि थरांची आहे. त्यातला प्रत्येक घटक दुसऱ्याला भेटला की मिनिटागणिक बदलतो. बाकरवडीचं यश बघून मिसळीचा कारखाना काढणाऱ्याला हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागेल.

साखळीच्या कटात अजूनही जीव शिल्लक असतो, याचा पडताळा पार्सल आणून घरच्या शेगडीवर घेता येतो. कट पसरट पातेल्यात ओतून सात-आठ मिनिटं मध्यम आचेवर उकळायचा, म्हणजे उरलेले कण विरघळतात आणि पिठाचा चिकटपणा थोडा मोडतो. फार दाट झाला तर अर्धी वाटी उकळतं पाणी. दुसरीकडे छोट्या कढईत तीन चमचे तेल तापवून चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या सोनेरी करायच्या, कढीपत्ता, हिंग, मग गॅस बंद करून पाच सेकंद थांबून दीड चमचा बेडगीचं तिखट घालायचं. गॅस चालू असताना घातलं तर ते काळं पडतं आणि कडवटतं. ही फोडणी कटावर ओतून ढवळायची नाही. फरसाण कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं हलवून पूर्ण गार होऊ द्यायचं, कुरकुरीतपणा गार होताना परत येतो. पावाला ओल्या हाताचा स्पर्श करून तव्यावर झाकण ठेवून शेकायचा. दहा मिनिटांत तीच मिसळ निम्म्याहून अधिक सावरते.

मसाला, मिरची, पाणी, सगळं तेच असताना ती सावरते, याचा अर्थ शाखेत शेवटच्या दहा मिनिटांचा स्वयंपाकच होत नव्हता. म्हणजे दुरुस्तीही तिथेच करता येईल. कोरडा मसाला, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं जाडसर वाटण आणि मिरचीची निवड मध्यवर्ती स्वयंपाकघराकडे ठेवावी. एकसारखेपणा त्यातून मिळतो आणि तो हवाही. वाटण मात्र पाणी न घालता पाठवावं. परतणं, उकळतं पाणी ओतणं आणि तर्री वर येऊ देणं हे शाखेत, तीस प्लेटच्या घाण्यात, दर दोन तासांनी. मटकी भिजवण्यापासून शाखेतच, रोजची रोज. फरसाण अर्ध्या किलोच्या पाकिटांत. पाव गल्लीतल्या बेकरीचा, दोन वेळा. संध्याकाळी कट संपला तर मिसळ संपली म्हणून पाटी लावावी, गिऱ्हाईक समजून घेतं.

याला खर्च किती? वरच्या ताज्या फोडणीला प्लेटमागे दहा मिलिलिटर तेल. लिटरला दीडशे रुपये धरले तर दीड रुपया. जो माणूस कढईपाशी उभा राहील, चव बघेल आणि घाणा नीट झाला नाही तर तो वाढू देणार नाही, त्याला महिन्याला तीन हजार रुपये जास्त द्यावे लागतील. हा जादा पगार रोजच्या शंभर प्लेटवर वाटला तर आणखी एक रुपया. दीडशे रुपयांच्या प्लेटमधले अडीच रुपये.